खडक लागला, हे कोण सांगतं?

मुळशी तालुक्यात पाया खणायचा म्हणजे खडकाशी गाठ पडणारच. वर काळी माती, खाली मुरूम, मग कुजलेला करडा दगड आणि त्याखाली बेसॉल्टचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा इथे थरावर थर साचून थिजला आहे. घण मारून पाइल, म्हणजे पायाचा खांब, जमिनीत ठोकण्याची जुनी रीत खाडीच्या चिखलात किंवा नदीच्या गाळात चालते. मुळशीत पाइल खडकावर अडतो, आणि तरीही ठोकत राहिलं तर त्याचं डोकं फुटतं. म्हणून इथे आधी भोक पाडतात, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि मग काँक्रीट भरतात.

हिंजवडी आणि माण ही मुळशीचीच गावं. माणहून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या सुमारे २३ किलोमीटरच्या उन्नत मेट्रोमुळे, आयटी पार्कच्या इमारतींमुळे आणि पुलांच्या कामांमुळे इथल्या रस्त्यांना पायलिंग रिग नवा राहिलेला नाही. खालची चाकं पोकलेनसारखी साखळीची, वर फिरती केबिन, पुढे उंच मास्ट. मास्टावरून केली बार खाली उतरतो. त्यात एकात एक बसणाऱ्या पोकळ नळ्या असतात, भोक खोल जाईल तशा त्या बाहेर पडतात. टोकाला मातीसाठी ऑगर किंवा बकेट लावतात आणि खडकासाठी टंगस्टन कार्बाइडच्या दातांचा कोअर बॅरल. हा बॅरल कडेने गोल चर कापतो, मग मधला दगड मोडून वर काढायचा. वरची माती ढासळू नये म्हणून लोखंडी केसिंग घालतात, गरज पडली तर भोकात बेंटोनाइटचं पाणी भरून ठेवतात.

लिव्हर कसे ओढायचे हे चपळ माणूस लवकर शिकतो. रिग चालवण्याच्या धंद्याचं खरं कसब दुसरीकडे आहे. जमिनीखाली पंधरा-वीस मीटरवर काय चाललं आहे ते कुणालाच दिसत नाही. तिथे पोचलेलं एकच हत्यार असतं आणि ते ऑपरेटरच्या हातात असतं. केबिनमधला पडदा त्याला खोली, दाब आणि मास्टचा कल दाखवतो. बाकीचं त्याला आवाजावरून, केबिनच्या थरथरीवरून आणि बकेटमधून वर आलेल्या चुऱ्यावरून ओळखावं लागतं.

बेसॉल्ट इथे फसवतो. तो कुजताना कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि मधला कठीण गोळा तसाच मुरमात राहतो. बॅरल अशा गोळ्यावर टेकला की कडक आवाज येतो, दाब चढतो, खाली सरकणं थांबतं. नवख्याला वाटतं, खडक लागला. मुरलेला माणूस आणखी कापतो, आणि थोड्याच वेळात बार भसकन खाली जातो, कारण गोळ्याखाली पुन्हा मुरूमच असतो. तो गोळा भोकाच्या एकाच बाजूला असेल तर बॅरल दुसऱ्या बाजूला सरकतो आणि भोक तिरकं जातं. आयएस २९११ या भारतीय मानकानुसार उभ्या पाइलला दीड टक्क्यापर्यंतच कल चालतो, म्हणजे वीस मीटरला तीस सेंटिमीटर. पाइल कुठे थांबवायचा, यावर सही इंजिनिअरची असते. पण त्या सहीआधीची पहिली खबर केबिनमधून येते. ती खबर खरी असावी, यावर वरचा सगळा खांब उभा राहतो. मला तरी या कामाची सगळी प्रतिष्ठा इथेच दिसते.

तळ साफ करणं हा दुसरा कसोटीचा भाग. भोक पुरं झालं की तळाशी चुरा आणि गाळ उरतो. क्लिनिंग बकेट पुन्हा पुन्हा घालून तो काढावा लागतो. काँक्रीटची गाडी येऊन उभी असते, रात्र झालेली असते, आणखी एक फेरी टाळण्याचा मोह होतो. गाळावर बसलेला पाइल पुढे भार आला की खचतो. एकदा काँक्रीट पडलं की आत काय राहिलं ते डोळ्यांनी कुणीच पाहू शकत नाही, म्हणून ती शेवटची फेरी मारण्याचा हट्ट ऑपरेटरनेच धरायचा असतो.

या धंद्यात शिरायचं कसं? मुळशीच्या गावागावांत जेसीबी, पोकलेन आणि डंपर आले, त्यातले कितीतरी जमिनी विकून आलेल्या पैशांतून. विकलेल्या जमिनीचा पैसा संपल्यावर तरुणांचं काय होतं, ते २०१८च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने पडद्यावर दाखवलं. पोकलेनवर हात बसलेल्या मुलाला रिग परका नाही, पण सुरुवात हेल्परपासूनच होते. ग्रीसिंग, वायर रोपचे तुटलेले धागे शोधणं, बॅरलचे झिजलेले दात बदलणं, हायड्रॉलिक होजवर लक्ष ठेवणं. दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा डिझेल मेकॅनिक ट्रेड केला असेल तर पाया पक्का होतो. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल बांधकाम यंत्रांच्या ऑपरेटरांसाठी प्रमाणपत्रं देते. तरीही जाणत्या ऑपरेटरच्या शेजारी काढलेल्या महिन्यांना पर्याय नाही.

धोकाही नीट समजून घ्यावा. रिगचं वजन कित्येक टन असतं आणि मास्ट उंच, त्यामुळे एका बाजूची जमीन दबली की यंत्र कलंडतं. ताम्हिणीकडून येणारा मुळशीचा पाऊस थोडाथोडका नसतो. चिखलात रिग उभा करण्याआधी मुरूम-खडी दाबून फलाट भक्कम करून मागायचा आणि तो झाला नाही तर काम सुरू करायचं नाही. उघडं भोक झाकल्याशिवाय तिथून हलायचं नाही. विजेच्या तारा मास्टच्या आवाक्यात नाहीत ना, हे रोज बघायचं. कानाला मफ लावायचे, कारण खडक कापताना आवाज दिवसभर चालतो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आणि वर्षभरात नव्वद दिवस काम भरलं की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची. ती १८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगारांसाठी आहे. साइट बदलत राहते, ठेकेदार बदलतात, म्हणून कामाच्या दिवसांचा दाखला साइट सोडण्याआधीच मागून घ्यावा.