कोटेशन टाइप करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?



धंद्यासाठी लॅपटॉप घेतलाय, आता टायपिंग कशात करायचं? कुणी म्हणतं वर्डच पाहिजे, कुणी म्हणतं नोटपॅड पुरे. सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी तुमच्याकडून बाहेर काय जातं ते बघा.

समजा, तुमचा मसाल्यांचा गृहउद्योग आहे.

१. मालाची यादी, व्हॉट्सॲपचा मेसेज: यासाठी नोटपॅड. विंडोजमध्ये आधीपासून असतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पटकन उघडतं.

२. कोटेशन, दरपत्रक, बँकेला पत्र: इथे तक्ता लागतो, लोगो लागतो. लिबरऑफिस रायटर घ्या. मोफत आहे, धंद्यासाठीही बिनधास्त वापरता येतं, इंटरनेट नसलं तरी चालतं आणि वर्डच्या फाइलीही उघडतं. वर्डपॅड शोधत बसू नका, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ते काढून टाकलंय. आणि "फुकटात क्रॅक वर्ड टाकून देतो" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. त्यासोबत व्हायरस आला, तर ग्राहकांची यादी आणि हिशेब दोन्ही जातील.

३. भागीदारासोबत मिळून लिहायचंय: गूगल डॉक्स. इंटरनेट असेल तर लिहिलेलं आपोआप सेव्ह होतं, दोघांनाही एकच फाइल दिसते. मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून असते.

आता खरी मेख. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून ती मराठी दिसतात एवढंच. तो मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला किंवा तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला, की नुसती खिचडी! ग्राहकाला दरच वाचता आला नाही, तर तो ऑर्डर कशाची देणार?

विंडोज १० किंवा ११ च्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा आणि फोनेटिक कीबोर्ड निवडा. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं. वेगळा खर्च नाही.

आज एवढंच करा: रायटरमध्ये पाच वस्तूंचं दरपत्रक बनवा, पीडीएफ करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून उघडून बघा. तिथे नीट वाचता आलं, की मगच ग्राहकाला पाठवा.