बोट येईपर्यंतची वीज

बँकेच्या कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर. एवढ्याशा प्लास्टिकच्या पोटात चिप बसवायची, अँटेना बसवायचा, बोटाचा ठसा वाचणारा सेन्सरही बसवायचा आणि बॅटरी मात्र द्यायची नाही. असे कार्ड मास्टरकार्डने २०१७ साली दक्षिण आफ्रिकेत चालवून पाहिले. ते यंत्रात खुपसावे लागे, त्यामुळे वीज यंत्राकडून सरळ मिळे. पुढच्याच वर्षी बँक ऑफ सायप्रसने नुसते टेकवून चालणारे कार्ड आणले आणि खरी कसोटी तिथून लागली.

टेकवलेले कार्ड दुकानातल्या यंत्राच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून वीज उचलते. ती मिलिवॉटांत मोजायची, आणि हात जरा हलला की तीही कमी-जास्त होते. टेकवून होणारा व्यवहार अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकावा अशी अपेक्षा असते. तेवढ्यात ठसा घ्यायचा, कार्डात साठवलेल्या नमुन्याशी जुळवायचा आणि बँकेला ‘हो’ कळवायचे. ठसा कार्डाबाहेर जात नाही, त्यामुळे जुळवणीचे गणितही कार्डातच उरकावे लागते. ही सगळी कामे एकदम चालवण्याइतकी वीज नसते, म्हणून ती पाळीपाळीने होतात. सेन्सर जागा असतो तेव्हा बाकीच्या चिपचा बराचसा भाग झोपवलेला असतो; प्रतिमा हाती आली की सेन्सर बंद होतो आणि जुळवणी सुरू होते.

सेन्सरचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. बोटावरचे दोन शेजारचे उंचवटे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असतात. ५०० डीपीआयच्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेल ५० मायक्रोमीटरचा, म्हणजे एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत नऊ-दहा पिक्सेल येतात. प्रत्येक पिक्सेल ही धातूची एक चिमुकली पट्टी. वर टेकलेली त्वचा तिची जोडीदार होते आणि दोघींचा मिळून कपॅसिटर बनतो. उंचवटा जवळ असतो, तिथे विद्युतभार जास्त साठतो. खाचेत मधे हवा असते, तिथे कमी. हा फरक मोजायचा तो फेम्टोफॅरडमध्ये. एका फॅरडचे शंभर कोटी तुकडे करा, त्यातला एक घेऊन त्याचे आणखी दहा लाख करा, तेव्हा एक फेम्टोफॅरड होतो. बोलोन्या विद्यापीठातल्या मार्को तार्तान्यी आणि रोबेर्तो ग्वेर्रियेरी यांनी १९९८च्या शोधनिबंधात यासाठी एक सुरेख युक्ती मांडली: प्रत्येक पिक्सेलखाली एक छोटा ॲम्प्लिफायर ठेवायचा आणि त्याच्या परतीच्या वाटेतच बोटाला अडथळा म्हणून उभे करायचे. काच, प्रिझम, दिवा, कॅमेरा असा ऑप्टिकल सेन्सरचा सगळा संसार सिलिकॉनच्या एका तुकड्याने मोडीत काढला. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने पुढे असे सेन्सर बाजारात आणले.

पट्टी भारायला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. व्होल्टेज दुप्पट केले तर खर्च चौपट. इकडे सेन्सरवर ओरखडे पडू नयेत म्हणून जाड लेप हवा, आणि लेप जाड झाला की संकेत क्षीण होतो. तो उचलायचा तर व्होल्टेज वाढवण्याचा मोह होतो. या ओढाताणीवरच अभियंत्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. १९२ गुणिले १९२, म्हणजे ३६,८६४ पिक्सेल एकाच वेळी न वाचता ओळीओळीने वाचायचे आणि ज्या ओळीची पाळी नाही तिचे ॲम्प्लिफायर बंद ठेवायचे, ही काटकसर तर आता प्राथमिक मानली जाते.

पण माझ्या मते खरी काटकसर वाचण्यात नसून वाट पाहण्यात आहे. दाराच्या कुलपातला सेन्सर घ्या. समजा, काम करताना तो २० मिलिअँपिअर घेतो, नुसती चाहूल घेताना २ मायक्रोअँपिअर. दिवसाला वीस वेळा, दर वेळी अर्धा सेकंद बोट लागले, तर वर्षाचा खर्च सुमारे २० मिलिअँपिअर-तास होतो. आणि उरलेला सगळा वेळ चाहूल घेण्याचा खर्च? साडेसतरा. दार उघडायला जेवढी वीज, जवळपास तेवढीच बंद दारामागे बसून राहायला. हाच सेन्सर सतत जागा ठेवला, तर २,५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल पाच दिवसांत संपतील.

म्हणून जागे होण्याची तऱ्हा महत्त्वाची. ॲपलने २०१२ साली ऑथेनटेक ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी आयफोन ५एसच्या बटणात १७० मायक्रोमीटर जाडीचा सेन्सर बसवला. त्याच्याभोवतीचे पोलादी कडे दिसायला देखणे, पण ते तिथे आहे बोट आल्याची वर्दी द्यायला. वर्दी मिळेपर्यंत सेन्सर झोपलेला. इतर सेन्सरमध्ये अधूनमधून काही मोजकेच पिक्सेल जागे होऊन कानोसा घेतात. उंबरठा फार खाली ठेवला तर खिशातल्या घामानेही सेन्सर उठतो, फार वर ठेवला तर कोरडे बोट त्याला दिसतच नाही.

कोरडे बोट! माहितीपत्रकांतले मायक्रोअँपिअरचे आकडे इथे लटके पडतात. रेशन दुकानातल्या पॉस मशीनपुढे ऊसतोडीवरून आलेली बाई उभी असते. “मावशी, बोट पुसून लावा.” मग “ओलं करून लावा.” मग “दुसरं लावा.” देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, त्या महाराष्ट्राला ‘थम येत नाही’ हे वाक्य नवे नाही. कोयत्याने, भांड्यांनी, विटांनी उंचवटे झिजतात. वरची मृत त्वचा सुकली की वीज नीट वाहत नाही, आणि ऑप्टिकल यंत्रातही काचेशी ओलसर सांधा जुळत नसल्यामुळे रेषा तुटक दिसतात.

अशा बोटासाठी एक उपाय आहे: तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचून सरासरी काढायची. मात्र गोंगाट निम्म्यावर आणायला चार वाचने लागतात, म्हणजे खर्च चौपट. सगळ्यांसाठीच हे केले तर बचतीवर पाणी. शहाणा सेन्सर आधी बोटाचा एक लहानसा तुकडा चाखतो. रेषा ठळक असतील तर एकाच फेरीत आटोपतो, अंधुक असतील तरच जास्तीच्या फेऱ्या मारतो. आधार यंत्रणेत कोणत्या बोटाचा ठसा सर्वांत चांगला जुळतो हे शोधण्याची सोय आहे. ‘दुसरं लावा, तिसरं लावा’ वाचवणारी ती युक्ती मला कित्येक चिपसुधारणांपेक्षा मोलाची वाटते. सेन्सर किती कमी वीज पितो हे विचारण्याऐवजी एका यशस्वी ओळखीमागे किती मिलिजूल गेले, हे विचारावे, आणि तेही प्रयोगशाळेतल्या मऊ बोटांवर न मोजता विडी वळणाऱ्या, धुणे धुणाऱ्या हातांवर. फसलेल्या दोन प्रयत्नांची वीजही त्या हिशेबात धरलीच पाहिजे.

बिनबॅटरीच्या कार्डाला तर दुसऱ्या प्रयत्नाची ऐपतच नसते. पहिला ठसा जमला नाही, तर पिनवर यावे लागते. म्हणून सगळी मेहनत आधी, नमुना घेताना करतात. सेन्सर बोटाहून लहान, एका स्पर्शात बोटाचा तुकडाच दिसतो. तेव्हा बोट थोडे सरकवत, तिरके करत अनेकदा टेकवायचे आणि त्या तुकड्यांतून एक ऐसपैस नमुना शिवायचा. पुढे बोट कसेही पडले तरी एकाच स्पर्शात जुळणी होते. मात्र या सावकाश शिकवणीला सलग वीज हवी आणि ती कार्डाकडे नाही. यासाठी कार्ड बनवणाऱ्यांनी एक पाकीट काढले आहे: कार्ड त्यात सरकवायचे, बोट नोंदवायचे, कार्ड काढून घ्यायचे. त्या पाकिटात मात्र बॅटरी असते.