फटीतले पाणी

पुण्यात पाषाणला ‘आयसर’मध्ये शिवप्रसाद पाटील यांचा गट दोन घन पृष्ठांमध्ये कोंडलेल्या, काही नॅनोमीटर जाडीच्या पाण्याचा अभ्यास करतो. त्यांचा 2014 सालचा शोधनिबंध अशा पाण्याच्या चिकटपणावर आणि लवचिकपणावर आहे. मोजायला वापरला क्वार्ट्झचा नादकाटा, मनगटी घड्याळात असतो त्याच जातीचा. ते मोजमाप यांत्रिक. मला ओढ आहे ती शेजारच्या प्रश्नाची: अशा फटीच्या दोन्ही काठांना वीज जोडली, तर आलेला आकडा नेमका कुणाचा?

केसाची जाडी साधारण 80,000 नॅनोमीटर. एका नॅनोमीटरची फट कापून काढणे जवळजवळ अशक्य. ती तोडून मिळवतात. लवचिक पट्टीवर सोन्याचा अतिबारीक पूल बसवायचा आणि पट्टी खालून दांडीने हळूहळू वाकवायची. पूल ताणला जातो, निमुळता होतो, शेवटी एका अणूवर टिकतो. त्या क्षणी रोध सुमारे 12.9 किलोओहम दाखवतो, हीच खूण. मग तो तुटतो. दांडी हजार नॅनोमीटर सरकली तरी फट जेमतेम 0.1 नॅनोमीटर किंवा त्याहून कमी उघडते, म्हणून हाताबाहेर जात नाही. दुसरी वाट आपल्या सराफांच्या ओळखीची: दागिन्याला सोन्याचे पाणी देतात तसे द्रावणातून सोने चढवत फट अरुंद करायची, आणि प्रवाहाकडे बघत वेळीच थांबायचे.

इथवर सगळे कोरडे. द्रव आला की खरी पंचाईत.

मिठाच्या पाण्यात आयन असतात आणि धातूचा जेवढा भाग उघडा, तेवढी गळती. रेणूतून जाणारा प्रवाह त्यात सहज बुडून जातो. म्हणून टोक सोडून बाकी सर्व धातूवर विद्युतरोधक लेप द्यावा लागतो. दाबही बेताचाच ठेवावा लागतो, कारण 1.23 व्होल्टच्या पुढे पाण्याचे विघटन होऊ शकते. शिवाय प्रत्येक टोकाभोवती आयनांचा थर जमतो. शरीरातल्या द्रवांइतक्या खारट पाण्यात त्याची जाडी पाऊण नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे एका नॅनोमीटरच्या फटीत दोन्ही काठांचे थर एकमेकांत घुसतात. तिथे मोकळे पाणी असे उरतच नाही! मँचेस्टरच्या संशोधकांनी 2018 साली दाखवले, की अशा कोंडलेल्या पाण्याचा परावैद्युतांक 80 वरून 2 च्या जवळ घसरतो. पाठ्यपुस्तकातले पाणी फटीत शिरताना बाहेरच राहते, म्हणा ना.

हे नुसते कुतूहल नाही. ओसाका विद्यापीठात 2010 साली अशाच फटीतून डीएनएची अक्षरे ओळखण्याचा प्रयोग झाला. उद्या रोगनिदान अशा आकड्यांवर उभे राहील. शू आणि ताओ यांनी 2003 मध्ये द्रावणातच हजारो वेळा सांधा जोडला, तोडला आणि वारंवार येणारे मूल्य तेवढे रेणूचे मानले. मला हीच रीत पटते. एकाच सुंदर आलेखावर माझा विश्वास बसत नाही. शेजारी त्याच फटीतला, रेणू नसलेल्या त्याच द्रावणाचा आलेख हवा. आणि फट मध्ये वाळू दिलेली नसावी: सुकताना पाण्याचा पृष्ठताण काठांना ओढतो आणि कधी कधी दोन्ही टोके चिकटवूनच टाकतो.