नाट्यसंगीतांतील ‘जुनें’ म्हणजे कोणतें?

मराठी रंगभूमीविषयींच्या आठवणींत व परीक्षणांत ‘जुनी चाल’, ‘जुनें गाणें’, ‘तो जुना काळ’ हे शब्द पदोपदीं आढळतात. असा मजकूर इतिहासाचें साधन म्हणून वापरणारानें हें ‘जुनें’ कोणत्या सालचें, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. हा शब्द कालदर्शक भासतो, परंतु वस्तुतः तो नातें दाखवितो. ‘आजोबा’ म्हटल्यानें जशी एकच व्यक्ति ठरत नाहीं, तशी ‘जुनें’ म्हटल्यानें एकच गानशैली ठरत नाहीं.

घटनांचा क्रम पाहिला म्हणजे हें स्पष्ट होईल. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं सीतास्वयंवराचा खेळ केला. त्या परंपरेंत पदें म्हणण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें आणि पात्रें स्वतः गाऊं लागलीं. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असा लोकांच्या कानांवरचा साज त्यांत होता. तथापि नाटकांतील त्याची योजना अगदीं नवी होती. पुढें १८९६ सालीं श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’ नाटकानें पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणल्या, आणि सोळा वर्षांपूर्वींची नवलाई जुन्यांत जमा होऊं लागली. १९११ च्या ‘मानापमाना’ंत गोविंदराव टेंबे यांनीं पूरब अंगाच्या ठुमरीचा रंग भरला. १९१६ च्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं ख्यालगायकीचें अधिष्ठान दिलें. या गाण्यावर वाढलेल्या श्रोत्यांसमोर १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ आली. तींत पदें मोजकींच होतीं व केशवराव भोळे यांच्या चाली भावगीताच्या अंगानें जाणाऱ्या होत्या. तेव्हां कालपर्यंतचें नवें तें पुन्हां ‘जुनें’ झालें. विशेष हें कीं, ‘मानापमाना’चे टेंबेच १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटाचे संगीतकार होते. सारांश, एकाच माणसाच्या हातून एका पिढीचें जुनें व दुसरीचें नवें घडूं शकतें.

जुनें ठरविण्यांत साधनांचाही वांटा मोठा आहे. किर्लोस्करांच्या नाटकांतील अग्रगण्य गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले; ग्रामोफोन कंपनीचें हिंदुस्थानांतील ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास सुरू झालें. या एका वर्षाच्या अंतरामुळें भाऊरावांचें गाणें तें ऐकणाऱ्यांबरोबर संपलें, आणि बालगंधर्वांचें मात्र तबकड्यांच्या रूपानें आजही ऐकतां येतें. म्हणून कित्येक रसिकांच्या मनांत जुनें नाट्यसंगीत म्हणजे बालगंधर्वांचें गाणें, असें समीकरण बसलें. त्यांतही तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटें मिळत. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबत जाणारें पद तिच्यांत आंखडून बसवावें लागे. तेव्हां तबकडीवरून जें ओळखीचें झालें, तें त्या काळच्या गाण्याचें संक्षिप्त रूप होय.

हा क्रम पुढेंही थांबला नाहीं. १९६४ चें ‘मत्स्यगंधा’ व १९६७ चें ‘कट्यार काळजांत घुसली’ यांतून जितेंद्र अभिषेकी यांनीं नाट्यपदास नवें वळण दिलें. २०१५ सालीं ‘कट्यार’वर चित्रपट निघाला, तेव्हां तरुण प्रेक्षकांनीं तीच पदें जुन्या नाट्यसंगीताचा नमुना म्हणून ऐकलीं. ‘स्वयंवर’ आणि ‘कट्यार’ यांत एकावन्न वर्षांचें अंतर आहे. परंतु ‘जुनें’ या एका शब्दाखालीं दोन्ही एकत्र नांदतात.

याचें कारण उघड आहे. लहानपणीं कानीं पडलेलें गाणें मनांत खोल रुजतें, आणि श्रोता स्वतःच्या स्मृतीचें वय संगीताचें वय समजतो. शिवाय पडलेलीं नाटकें विस्मरणांत जातात व निवडक तेवढीं उरतात. त्यामुळें प्रत्येकास आपला गतकाळ सुवर्णयुग वाटतो.

म्हणून आठवण लिहिणाराचा जन्म कोणत्या सालचा, तें नाटक त्यानें कोणत्या वयांत पाहिलें, गाणें प्रत्यक्ष ऐकलें कीं तबकडीवरून, हें टिपून मगच ती पुराव्यांत घ्यावी. एरव्हीं ‘पूर्वींचें गाणें राहिलें नाहीं’ हा प्रत्येक पिढीचा उद्गार आपण ऱ्हासाचा पुरावा समजूं, आणि ज्यांचा आवाज उरला नाहीं अशा गायकांस, ज्यांचा उरला त्यांच्या मापानें मोजूं. तो त्यांच्यावर अन्याय होईल, आणि तो इतिहासकाराच्या हातून होतां कामा नये.