स्टाउअरहेड : चालत पाहण्याची बाग

इंग्लंडमध्ये जुन्या श्रीमंत घराण्यांची ग्रामीण निवासस्थाने आणि त्यांच्या बागा पाहण्यात सुटीचा दिवस घालवण्याची प्रथा सर्वसामान्य कुटुंबांतही रुजली आहे. विल्टशर परगण्यातील स्टाउअरहेड हे अशा स्थळांपैकी एक असून, एकाच घराण्याने उभारलेले तेथील घर आणि बाग या दोन रचना पाहणाऱ्याकडून अगदी वेगवेगळ्या अपेक्षा बाळगतात.

होर हे लंडनमधील पेढीवाले घराणे. १६७२ मध्ये स्थापन झालेली त्यांची बँक आजही चालू आहे. या पेढीच्या उत्पन्नातून हेन्री होर यांनी १७१७ मध्ये ही जहागीर विकत घेतली आणि जुने घर पाडून वास्तुविशारद कॉलन कॅम्बेल यांच्याकडून नवे बांधून घेतले. प्राचीन रोमन वास्तूंचा अभ्यास करून सोळाव्या शतकात इटलीच्या आंद्रेआ पॅलेडिओ यांनी प्रमाणबद्धतेचे जे नियम मांडले, त्यांवर आधारलेल्या शैलीला ‘पॅलेडियन’ म्हणतात. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखीच मांडणी हे तिचे मुख्य लक्षण असल्यामुळे हे घर समोर उभे राहताच एका दृष्टिक्षेपात उमगते.

बागेचे तसे नाही. ती खालच्या दरीत असून घरातून तिची कल्पनाही येत नाही. पहिल्या हेन्री यांचे पुत्र, दुसरे हेन्री होर, यांनी १७४० च्या दशकापासून तिचे काम हाती घेतले; दरीतील पाणी बांध घालून अडवले, त्याचे तळे केले आणि हेन्री फ्लिटक्रॉफ्ट यांच्या आराखड्यांनुसार काठावर देवळे बांधवली. आखीव वाफ्यांऐवजी पाणी, उतार आणि वृक्ष यांची नैसर्गिक भासेल अशी योजना करणाऱ्या या प्रकाराला ‘लँडस्केप बाग’ म्हटले जाते; प्रत्यक्षात तिच्यातील स्वाभाविकता पूर्णपणे मानवनिर्मित असते.

तळ्याभोवतीच्या वाटेवर प्रथम फ्लोरा या पुष्पदेवतेचे मंदिर लागते, पुढे नदीदेवता आणि निद्रिस्त जलदेवी यांच्या मूर्ती असलेली कृत्रिम गुहा येते, तिच्या अंधारातून बाहेर पडल्यावर रोममधील पँथिऑनच्या धर्तीवर बांधलेले घुमटाकार मंदिर आणि शेवटी उंचावरचे अपोलो या सूर्यदेवाचे वर्तुळाकार मंदिर दिसते. सतराव्या शतकातील चित्रकार क्लोद लोरँ यांच्या निसर्गचित्रांत पाण्याकाठी अशीच प्राचीन देवळे आढळतात, आणि तळ्याच्या टोकाच्या दगडी पुलाजवळून दिसणारे पँथिऑन हे जणू तसेच चित्र वाटावे अशी योजना येथे आहे. मात्र दोन पावले सरकताच ते चित्र मोडते आणि दुसरे तयार होते.

पुढे दुसऱ्या हेन्री यांचे नातू रिचर्ड कोल्ट होर यांनी आजोबांच्या काही हौशी वास्तू काढून टाकल्या, ऱ्होडोडेंड्रॉनची लागवड केली आणि घराला ग्रंथालय व चित्रदालन जोडले. १९०२ च्या आगीत घराचा मध्यभाग जळाला, तरी ही दोन्ही दालने बचावली. शेवटचे मालक सर हेन्री होर यांचा एकुलता मुलगा पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये मरण पावला. वारस न उरल्याने त्यांनी १९४६ मध्ये घर व बाग ‘नॅशनल ट्रस्ट’कडे सोपवली. १८९५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गरम्य जमिनी लोकांसाठी जतन करते.

तथापि बाहेरच्यांची ये-जा ट्रस्टमुळेच सुरू झाली असे नाही. बाग पाहण्यास येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी जवळच्या स्टाउर्टन गावात अठराव्या शतकातच सराईची सोय झाली होती. आजही दिवसभराच्या भेटीत घराला सकाळचे दोन तास पुरले, तरी बागेला उरलेला वेळ द्यावा लागतो. ती पूर्ण फेरी मारणाऱ्यासाठीच घडवली असल्याने एकाच जागी उभे राहून पाहणाऱ्याला तिचा केवळ एक तुकडा दिसतो.