पाटा लवतो, कोयता कापतो

ठाण्याहून नाशिककडे जाताना खारेगावची खाडी ओलांडली की थोड्याच वेळात मानकोली नाका येतो. मानकोली, दापोडे, अंजूर, वळ, पूर्णा या भिवंडी तालुक्यातल्या गावांत जिथे भातखाचरं होती तिथे आता गोदामांच्या रांगा आहेत, आणि मुंबईकरांच्या दारात पोहोचणाऱ्या कितीतरी वस्तू आधी इथे उतरतात आणि पुन्हा चढतात. त्या वाहणाऱ्या बहुतेक मालट्रकांचा भार शेवटी पाट्यांवर येतो. पाटे म्हणजे चाकांच्या आसावर कमानीसारख्या बसवलेल्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. २०१८ साली दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनाची कायदेशीर मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. हे वजन पेलत पाटा खड्ड्यागणिक वाकतो आणि सरळ होतो, आणि हे त्याने लाखो वेळा करायचं असतं. एक दिवस तो तुटतो व भंगारात जातो. तिथून त्याचा तुकडा अनेकदा रस्त्याकडेला पाल टाकून भाता लावलेल्या घिसाडी कुटुंबाच्या ऐरणीवर येतो. पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरतो, बाई घण घालते, आणि पाट्याचा कोयता होतो. पाट्याने लवायचं, कोयत्याने धार धरायची. ही दोन्ही कामं एकाच पोलादाला जमतात, कारण पोलादाचा गुण त्यात काय मिसळलं आहे एवढ्यावर ठरत नाही. मिसळलेलं कुठे आणि कसं बसलं आहे यावर तो अधिक ठरतो.

हत्याराला आपण ‘पाणी देतो’ असं म्हणतो. हा शब्द सुंदर आहे, पण तो अर्धंच काम सांगतो. लालबुंद पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवलं की चर्र आवाज होतो, वाफ उठते आणि पोलाद कठीण होतं. हे दिसतं, म्हणून त्याला नाव मिळालं. त्यानंतर तेच पोलाद पुन्हा मंद तापवतात. कारखान्यात याला टेम्परिंग म्हणतात. यात डोळ्यांत भरण्यासारखं काही नसतं आणि थोडा कठीणपणा मुद्दाम सोडून द्यावा लागतो. ‘पाणी उतरणं’ तर आपल्याकडे तेज किंवा मान जाण्यासाठीच वापरतात. म्हणून दुसरं तापवणं ही पहिल्याची डागडुजी आहे असा समज होतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बुडवणं ही तयारी आहे. पोलाद कामाचं होतं ते दुसऱ्या तापवण्यात.

हे समजायला आत काय घडतं ते पाहावं लागेल. लोखंडाचे अणू ठरावीक मांडणीत बसतात आणि तापमान बदललं की ती मांडणी बदलते. थंड लोखंडात घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि मध्यभागी एक अशी रचना असते. खूप तापल्यावर मध्यभागचा अणू जातो आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक अणू येतो. ही दुसरी रचना एकंदरीत जास्त दाट असते, पण तिच्यातल्या पोकळ्या संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असतात, त्यामुळे कार्बनचा छोटा अणू त्यात सामावतो. ऑस्टेनाइट नावाच्या या तप्त रचनेत वजनाच्या सुमारे २.१ टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. थंड रचनेत ७२७ अंश सेल्सिअसलाही जेमतेम ०.०२ टक्के मावतो आणि तापमान उतरेल तसा आणखी कमी. पाट्याच्या पोलादात कार्बन असतो ०.५ ते ०.६ टक्के. ते सावकाश थंड केलं तर जादा कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो. तीन लोखंडामागे एक कार्बन अशा सिमेंटाइट नावाच्या संयुगाचे पापुद्रे बनतात आणि बाकीचं लोखंड मऊ राहतं. पण साडेआठशे-नऊशे अंशांवरून तेलात बुडवलं तर कार्बनला हलायला वेळच मिळत नाही. लोखंडाचे अणू मात्र एकगठ्ठा सरकून थंड रचनेकडे झेपावतात, आणि कार्बन आत अडकून पडतो. त्याच्या दाबाने घन एका दिशेने ताणला जातो. या रचनेचं नाव मार्टेन्साइट. फ्रान्सच्या ऑस्मंड यांनी १८९५ साली जर्मन अभ्यासक अ‍ॅडॉल्फ मार्टेन्स यांच्या सन्मानार्थ ते दिलं.

धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. सतरंजीत पडलेली सुरकुती हाताने ढकलत टोकाला न्यावी, तसा रचनेतला एक दोष पुढे सरकत जातो. मार्टेन्साइटमध्ये जागोजागी अडकलेला कार्बन ही सुरकुती रोखतो, म्हणून पोलाद इतकं कठीण होतं की कानस त्याच्यावरून घसरते. पण तीच सुरकुती तडे थांबवायलाही लागते. तड्याच्या टोकाशी धातू थोडा वाकला तर टोक बोथट होतं आणि तडा तिथेच थांबतो. वाकूच शकला नाही, तर तडा आरपार जातो. शिवाय रचना बदलताना आकारमान वाढतं, आणि बाहेरचा भाग आधी व आतला नंतर थंड होतो, त्यामुळे तुकड्यात आधीच प्रचंड ताण कोंडलेला असतो. नुसता बुडवलेला पाटा ट्रकखाली बसवला तर पहिला मोठा खड्डाही त्याला पुरेल.

आता टेम्परिंग. ते सगळं एका असमानतेवर उभं आहे. दीड-दोनशे अंशांना कार्बनचा अणू जागचा हलू शकतो, लोखंडाचा अणू जवळजवळ नाही. म्हणून पोलाद पुन्हा बेताने तापवलं की आधी फक्त कार्बन सुटतो. सुमारे २०० अंशांपर्यंत तो शेजारीपाजारी गोळा होऊन अतिसूक्ष्म कण बनवतो. ताणलेले घन सैल होतात, कोंडलेला ताण उतरू लागतो, आणि कठीणपणा मात्र फारसा जात नाही. बॉल बेअरिंगच्या गोळ्यांना १५० ते १८० अंशांचं टेम्परिंग पुरतं ते यामुळेच. २०० ते ३०० अंशांदरम्यान, बुडवताना न बदलता राहून गेलेला ऑस्टेनाइट मोडतो. त्यापुढे आधीच्या कणांची जागा सिमेंटाइट घेतं. चारशेच्या वर त्याचे कण जाड आणि गोलसर होत जातात, आता लोखंडाच्या अणूंनाही हालचाल जमू लागते आणि रचनेतले दोष निवळतात. ट्रकचे पाटे साधारण ४५० ते ५०० अंशांवर, म्हणजे याच टप्प्यात टेम्पर केले जातात. रॉकवेल सी मापावर बुडवल्यानंतर साठच्या आसपास असलेला त्यांचा कठीणपणा आता पंचेचाळीसच्या जवळ येतो. अडकलेल्या अणूंऐवजी आता सर्वत्र विखुरलेले कण सुरकुतीला अडवतात, पण त्यांच्यामधल्या जागेत लोखंड वाकू शकतं. रोखणारे आणि वाट देणारे भाग शेजारी शेजारी आले, हाच यातला खरा बदल आहे.

इथे एक पक्का गैरसमज आड येतो. टेम्परिंगने पोलादात ‘स्प्रिंग’ येते, म्हणजे ते जास्त लवू लागतं, असं मानतात. तसं नसतं. ठरावीक भाराखाली पट्टी किती वाकेल हे तिचा आकार आणि अणूंमधल्या बंधांचा ताठरपणा यांवर ठरतं, आणि तो ताठरपणा टेम्परिंगने बदलत नाही म्हटलं तरी चालेल. मऊ पोलादाची पट्टी, नुसती बुडवलेली आणि टेम्पर केलेली, तिन्ही सारख्या मापाच्या असतील तर थोड्या भाराखाली सारख्याच वाकतात. फरक भार वाढल्यावर कळतो. मऊ पट्टी वाकून तशीच राहते, बुडवलेली मोडते, टेम्पर केलेली पुष्कळ दूर जाऊन परत येते. टेम्परिंग पट्टीला लवायला शिकवत नाही, कुठपर्यंत जाऊन परतता येईल ती हद्द वाढवतं.

यावर व्यवहारी माणूस विचारील की शेवटी पंचेचाळिसावरच यायचं तर साठापर्यंत जायचं कशाला, थोडं सावकाश थंड करून थेट हवा तेवढाच कठीणपणा का घेऊ नये? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर त्याच ट्रकच्या बोल्टांवर कोरलेलं सापडतं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताणाचं बळ, दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. या बोल्टांचं आंतरराष्ट्रीय मानक नुसतं बळ मोजून थांबत नाही. बुडवल्यानंतर आणि टेम्परिंगआधी आट्यांच्या गाभ्यात सुमारे ९० टक्के मार्टेन्साइट झालेलं असावं, आणि टेम्परिंग किमान ४२५ अंशांवर व्हावं, अशा दोन्ही अटी ते घालतं. आकड्याने तेवढंच कठीण पोलाद दुसऱ्या वाटेनेही मिळतं, पण सावकाश थंड केलेल्या पोलादात सिमेंटाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं आणि पापुद्र्याच्या कडेकडेने तड्याला वाट सापडते. मार्टेन्साइटमधून आलेले कण बारीक आणि विखुरलेले असतात. कठीणपणाचं माप दोघांना सारखेच गुण देतं. धक्का बसला की दोघांतला फरक उघडा पडतो. आधी टोकापर्यंत जाऊन मग मागे यायचं, यात वाया काहीच जात नाही.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. ज्यांच्याकडे तापमापक नव्हता त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उत्तम हत्यारं केली, मग या सगळ्या अंशांचं काय? त्यात तथ्य आहे, कारण त्या कारागिरांचा तापमापक पोलादाच्या अंगावरच होता. छिन्नी किंवा कोयत्याची फक्त धार बुडवायची, पाठ गरम ठेवायची, धार दगडावर घासून चकचकीत करायची आणि पाठीची उष्णता तिच्याकडे सरकताना पाहायची, ही जुनी रीत आहे. चकाकीवर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि निळा. पिवळा म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश, निळा तीनशेच्या आसपास. हवा तो रंग धारेवर आला की पुन्हा बुडवायचं. हे खरंखुरं टेम्परिंग आहे, आणि पाठ मऊ, धार कठीण हा फायदा त्यात आयताच मिळतो. पण रंग पृष्ठभागावरच्या पातळ ऑक्साइडचा असतो. जास्त वेळ लागला तर कमी तापमानालाही तो गडद होतो, आतपर्यंत काय झालं ते सांगत नाही, आणि साडेचारशे अंशांपर्यंत ही रंगांची ओळ संपलेली असते. तापमानाचा अधिकार वेळेपेक्षा किती मोठा आहे हे होलोमन आणि जॅफी यांनी १९४५ साली एका सूत्रात मांडलं. त्या सूत्राने पाहिलं तर ४५० अंशांवर दहा तासांत जे घडतं ते सुमारे ४८५ अंशांवर तासाभरात घडतं. भट्टीत पस्तीस अंशांची चूक म्हणजे दसपट वेळाची चूक. कोयत्याला ती चालून जाते, कारण धार पुन्हा लावता येते. पाट्याला चालत नाही.

मग जास्त तापवलं म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नाही. अनेक पोलादांत २५० ते ४०० अंशांच्या मधला काही पट्टा असा असतो की कठीणपणा तर घटतो, पण चिवटपणा वाढायच्या ऐवजी कमी होतो, कारण सिमेंटाइट पातळ पापुद्र्यांसारखं कडांवर बसतं. पाट्याच्या पोलादात दीड ते दोन टक्के सिलिकॉन घालतात त्याचं एक कारण इथे आहे. सिमेंटाइटला सिलिकॉन सामावत नाही. वाढण्यासाठी त्याला आधी सिलिकॉन बाजूला सारावा लागतो, म्हणून ते उशिरा बनतं आणि तो धोकादायक पट्टा वर सरकतो.

पाटा तुटला की रस्त्याकडेला तो वेल्डिंगने जोडून घ्यायचा मोह होतो, आणि असा जोड टिकत नाही हे बहुतेक चालकांना ठाऊक असतं. सहसा दोष वेल्डरच्या हाताला दिला जातो. जोड कितीही सफाईदार असला तरी त्याच्या लगतची पट्टी काही क्षणांत साडेआठशे अंशांपलीकडे तापते आणि आजूबाजूचं थंड पोलाद तिची उष्णता शोषून घेतं. म्हणजे कुणी पाणी न देताही तिथे नवं, टेम्पर न झालेलं मार्टेन्साइट तयार होतं. त्याच्यापलीकडे सहा-सातशे अंशांना गेलेला भाग असतो, तो जास्त टेम्पर होऊन मऊ पडतो. एकाच पट्टीत बोटभर अंतरात काचेसारखा ठिसूळ भाग आणि ढिला भाग शेजारी येतात, आणि तडा जोडातून न जाता त्याच्या बाजूने जातो. त्या पट्टीचं रासायनिक पृथक्करण करून पाहिलं तर दोन्ही भागांत कार्बन तितकाच निघेल, सिलिकॉनही तितकाच. म्हणूनच तो तुकडा ऐरणीवर गेल्यावर घिसाड्याला त्याचं काही बिघडलेलं आढळत नाही. भट्टीत तो पुन्हा लालबुंद होतो, ठिसूळ आणि ढिले दोन्ही भाग एकाच ऑस्टेनाइटमध्ये मिटून जातात, आणि मग धार बुडवून रंगाची वाट पाहणं तेवढं उरतं.