भातखंड्यांची मोकळी पुस्तके

गेल्या महिन्यात सुरतेस एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. त्यांच्या मुलाने कॉलेजात पदवीसाठी संगीत विषय घेतला आहे. गळा चांगला, पण पुस्तकांची यादी आल्यापासून घरात चिंता होती. ‘‘मास्तर, ही सगळी विकतच घ्यावी लागतात का हो?’’ असे त्याच्या आईने विचारले. यादी वाचताना ध्यानात आले की, तीतले मुख्य पुस्तक आज सर्वांच्याच मालकीचे आहे.

ते म्हणजे पं. विष्णु नारायण भातखंडे यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’. सहा भाग, आणि त्यांत स्वरलिपीसह शेकडो चीजा. पंडितजी १९३६ साली निवर्तले. ग्रंथांवरील हक्काची मुदत केव्हाच सरली. जुन्या प्रतींची छायाचित्रे ‘इंटरनेट अर्काइव्ह’सारख्या संग्रहांत विनामूल्य मिळतात. ती उतरवून घ्यावी, हवी ती पाने छापून घ्यावी. कोणाच्या परवानगीची गरज नाही. बाजारात बहुधा दिसतात ती हाथरसहून निघालेली हिंदी भाषांतरे. त्यांची गोष्ट निराळी. भाषांतरावर स्वतंत्र हक्क असतो, तो पाळावयास हवा.

मूळ ग्रंथ मात्र मराठीत आहे. हा मुलगा शाळेत गुजराती शिकला, पण आजीपाशी मराठी वाचायला शिकलेला. घरात जपलेली भाषा अशी अचानक उपयोगी पडली! इतर विषयांच्या विद्यार्थ्यांनीही निराश होऊ नये. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शोधून मगच दुकानाची पायरी चढावी.

पंडितजी पेशाने वकील. चीजा म्हणजे घराण्याची ठेव, ती परक्यास द्यायची नाही, अशा काळात ते गावोगाव हिंडले. उस्तादांची मनधरणी करून त्यांनी चीजा मिळवल्या आणि छापून सर्वांपुढे ठेवल्या. १९१६ साली श्रीमंत सयाजीरावांच्या आश्रयाने आपल्या बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागेही तेच होते. विद्या मोकळी करण्याचे काम त्यांनी हयातीतच आरंभिले होते. मुदत संपल्याने ते पुरे झाले, इतकेच.

पुस्तकाने गाणे येत नाही, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. स्वरलिपीत मींड दिसते, ऐकू येत नाही. त्यासाठी गुरूपुढे बसावेच लागते. पण पुस्तकाच्या किमतीपायी कोणी गुरूच्या दारापर्यंतच पोहोचू नये, हे बरे नव्हे.

आमच्या घरीही वडिलांच्या वह्या कडीकुलपात असत. दरबारी गवयाची तीच इस्टेट. सुरतेहून परतल्यावर ती पेटी उघडली, आणि वर्गातल्या मुलांना पाने उतरवून घ्यायला दिली. हात थोडा अडखळला, हे कबूल करतो.